बंडूची शिकवणी

मैत्रिणींनो, पहाटे साडेपाचला, अंधारात, दुधाचे पातेले हातात घेऊन चालताना तुमचा पाय कधी गार ओल्यात पडला आहे का? पडला नसेल तर तुम्ही भाग्यवान! गेल्या वर्षी जूनपासून माझा इतक्या वेळा पडला, की शेवटी शेवटी मी ओरडायचेही सोडून दिले. दिवा लावायचा, पाय धुवायचा, फडके घ्यायचे आणि मनात म्हणायचे, ‘बंडोपंत, आजची सलामी पोचली बरं का!’

बंडोपंत म्हणजे आमचा बंडू. डॅशहाउंड जातीचा कुत्रा. मे महिन्याच्या शेवटी यांच्या एका मित्राकडून तो पुण्याहून आमच्याकडे साताऱ्याला आला, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. पाय दोन बोटांचे, अंग दीड वितीचे आणि कान जमिनीला लोळणारे. सासूबाईंनी टोपलीत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, “अगं बाई, पडवळाला पाय फुटलेत की गं!”

आमची मनू सहावीत आहे. गेली दोन वर्षे तिने ‘कुत्रा हवा’ म्हणून घर डोक्यावर घेतले होते. मी नाही म्हणत होते, कारण घरात येणाऱ्या प्रत्येक जिवाचे शेवटी कोण करते, हे तुम्हाला सांगायला नकोच. पण यांनी माझी समजूत काढली. “अगं, जर्मन कुत्रा आहे. शिस्तीचा असणार. आणि तू तर मास्तरीण! आठ दिवसांत सरळ करशील.”

मलाही तसेच वाटले होते, खोटे कशाला बोलू? एका शाळेत मी नऊ वर्षे अर्धवेळ शिकवते आहे. चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग माझ्या एका नजरेने गप्प बसतो. तिथे या दीड वितीच्या प्राण्याची काय कथा?

कथा पुढे दोन-अडीच महिने चालली.

सुरुवात रीतसर केली. पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर नेऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून मागच्या अंगणात, चिकूच्या झाडाखाली त्याची जागा ठरवली. पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. तो झाडाखाली जायचा, हुंगायचा, कधी करायचा, कधी विसरायचा. मी यांना म्हटलेसुद्धा, “बघा, जमत आलं.” आणि मग आला पाऊस.

आमच्या साताऱ्याचा पाऊस एकदा लागला, की चार-चार दिवस अजिंक्यतारा दिसत नाही. मी मागचे दार उघडायची. बंडोपंत उंबऱ्यापर्यंत यायचे, पुढचा एक पाय हवेत धरायचे, पावसाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि शांतपणे वळून आत जायचे. उचलून अंगणात ठेवले तर पुतळ्यासारखा उभा. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. मी छत्री धरून भिजते आहे, तो थरथरतो आहे, काम काही होत नाही. कंटाळून आत आणले, की दोन मिनिटांत सोफ्याच्या मागे तळे!

सोफा झाला, पायपुसणे झाले, मनूचे दप्तर झाले. एके दिवशी देवघराच्या उंबऱ्याशी केले, तेव्हा मात्र सासूबाईंनी पोथी मिटली. काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे मला जास्त लागते.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांना काय तोटा? शेजारच्या काकू म्हणाल्या, “केलेल्या जागी नाक घासा, दुसऱ्यांदा करणार नाही.” यांचा मित्र म्हणाला, “वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक ठेवून द्या.” आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी तर सरळ सांगितले, “वैनी, ह्याला दिऊन टाका कुनाला तरी.” आणि एका रात्री हेही म्हणाले, “खरंच देऊन टाकू या का? तुझी फार ओढाताण होते.” मनूने ते ऐकले आणि ताट तसेच ठेवून उठली.

मी देऊन टाकले नाही. पण काकूंचे ऐकले. मित्राचेही ऐकले. नाक घासले आणि एकदा, शाळेला उशीर होत असताना, गुंडाळी पाठीत हाणलीसुद्धा. जोरात नव्हे, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. त्याने कान पाडले, पोट जमिनीला टेकवले आणि तिथेच, माझ्या डोळ्यांदेखत, थेंब थेंब सांडला. मी म्हटले, “बघा कसा मुद्दाम करतोय!”

त्यानंतर एक नवलच झाले. बंडू माझ्यासमोर करीनासाच झाला. घरात नाही आणि अंगणातही नाही. अर्धा अर्धा तास दोरी धरून उभी राहिले तरी नाही. पण माझी पाठ वळली, की पलंगाखाली, ट्रंकेच्या मागे, कपाटाच्या फटीत. लपून! वास आला की शोध सुरू.

जुलैच्या मध्यावर लसीसाठी त्याला नेले, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंपुढे सगळे गाऱ्हाणे मांडले. तरुण मुलगी आहे, पण बोलणे नेमके. सगळे ऐकून घेऊन म्हणाल्या, “ताई, हा हट्टी आहे हे खरंच. पण तुम्ही जे शिकवलंत, ते मात्र तो अगदी पक्कं शिकलाय.”

“मी काय शिकवलं?”

“घरात करू नये, हे नाही. ताईंसमोर करू नये, हे.”

मग त्यांनी समजावून सांगितले. पिल्लाला शिक्षेचा संबंध लागतो तो त्याच क्षणी घडणाऱ्या गोष्टीशी. पाच मिनिटांपूर्वीच्या तळ्याशी लागतच नाही. आपण ओरडलो की ते कान पाडते, नजर चुकवते. आपण म्हणतो, बघा, चूक कळली! कळलेली नसते, ते घाबरलेले असते. आणि अंगावर धावून गेल्यावर जे थेंब सांडतात, ते मुद्दाम नसतात. भीतीने आपोआप होते, त्याच्या हातात नसते.

जातीचा हट्टही त्यांनी उलगडून सांगितला. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर हा बिळात राहणारा दांडगा प्राणी आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. त्या प्राण्याच्या बिळात शिरून त्याला गाठण्यासाठी ही जात शेकडो वर्षे जोपासली. म्हणून अंग लांब, पाय आखूड, छाती जमिनीलगत. बिळात अंधारात एकटे असताना मालकाला विचारून निर्णय कसा घेणार? स्वतःच्या मनाने वागणे हाच त्याचा गुण. आपण त्याला हट्ट म्हणतो. 1972 साली म्युनिकच्या ऑलिंपिकसाठी जर्मनांनी ‘वाल्डी’ नावाचा डॅशहाउंडच बोधचिन्ह म्हणून निवडला होता, म्हणजे त्यांना या स्वभावाचे कौतुकच असले पाहिजे. शिवाय लहान जातीच्या पिल्लांची पिशवीही लहान. मोठ्या कुत्र्याइतका वेळ ती धरून ठेवू शकत नाहीत. आणि पाऊस? “तुमची पावलं भिजतात ना ताई, तिथं त्याचं पोट भिजतं.”

हे सारे ऐकून मी घरी आले आणि खरे सांगते, थोडी रागावूनच आले. माझ्या शिकवण्याला कुणी नावे ठेवावीत, याची मला सवय नव्हती.

त्याच आठवड्यात शाळेत एक गोष्ट घडली. ती सांगताना अजूनही मला संकोच वाटतो, पण ती वगळून बंडूची गोष्ट पुरी होत नाही.

दुसरीचा वर्ग. सातचा पाढा चालू होता. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने करंगळी वर केली. माझा नियम ठरलेला : तास चालू असताना कुणी उठायचे नाही. एकाला सोडले, की मागून दहा निघतात, हा नऊ वर्षांचा अनुभव. मी पाढा न थांबवता म्हटले, “तास संपल्यावर.” तिने करंगळी खाली घेतली. थोड्या वेळाने पुन्हा वर केली. मी नुसती नजर टाकली. तिने हात खाली घेतला, मांडीखाली दाबून ठेवला.

तास संपायला पाच-सात मिनिटे असताना मागची मुले हसायला लागली. बाकाखाली पाणी पसरले होते. आणि ती? तिने माझ्याकडे पाहिले. मान खाली, खांदे आक्रसलेले, डोळे माझ्या हाताकडे.

मैत्रिणींनो, ते पाहणे मी ओळखले. आदल्याच आठवड्यात ते मी माझ्या घरात, फरशीवर, दीड वितीच्या उंचीवरून पाहिले होते.

दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन आली. मी वाटच पाहत होते, की ही बाई आता मला बोलणार. बोलली नाही. उलट तीच ओशाळून म्हणाली, “बाई, रागावू नका तिला. आता नाही होणार तसं. शाळा असली की ती सकाळपासून पाणीच पीत नाही.”

त्या दिवशी मी घरी आले ती तशीच स्वयंपाकघरात जाऊन बसले. सासूबाई गवार मोडत होत्या. त्यांना सगळे सांगितले. त्या मोडता मोडता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मीही नाही प्यायचे.”

मला कळेना. त्या सांगू लागल्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन वाड्यात आल्या. संडास परसाच्या पार टोकाला आणि जायची वाट सोप्यावरून. सोप्यावर मामंजी आणि आलीगेली माणसे दिवसभर बसलेली. त्यांच्यापुढून नव्या सुनेने तांब्या घेऊन कसे जायचे? म्हणून पहाटे अंधारात जायचे, ते एकदम दिवेलागण झाल्यावर. मधे तहान लागली तरी घोटभरच घ्यायचे. दोनदा लघवीची जळजळ होऊन तापाने पडल्या, तेव्हा घरातल्यांना वाटले, सून नाजूक आहे.

“कुणी मुद्दाम त्रास दिला नाही हं मला,” त्या म्हणाल्या. “माणसं चांगली होती. फक्त कुणाच्या लक्षात आलं नाही.” आणि पुन्हा गवार मोडू लागल्या.

(हे लिहू का, असे मी त्यांना विचारले. म्हणाल्या, “लिही. माझ्या वेळच्या पुष्कळजणी वाचतील.”)

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तो सासूबाई मागच्या दारी! धुण्याच्या दगडाशेजारी आमचा पत्र्याचा आडोसा आहे. त्याखाली कोरड्यात त्यांनी जुने गोणपाट अंथरले होते आणि त्यावर, मैत्रिणींनो, बंडूने रात्री ओले केलेले पायपुसणे टाकले होते. सोवळ्यातल्या त्या बाईने ते आपल्या हातांनी उचलून आणले होते! “वास लागला की कळेल त्याला,” त्या म्हणाल्या. “पावसात उभं राहून तुला तरी जमलं असतं का?”

त्या दिवसापासून बंडूची शिकवणी नव्याने सुरू झाली. ज्यांच्या घरी असा एखादा लहानखुरा हट्टी पाहुणा आला असेल, त्यांच्यासाठी काय काय केले ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे वही. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक कागद लावला आणि बंडूचा हजेरीपट सुरू केला. किती वाजता खाल्ले, किती वाजता, कुठे केले. चार दिवसांतच दिसून आले, की निम्म्याहून अधिक तळी मी शाळेत असताना, अकरा ते दोनच्या दरम्यान होत होती. तो हट्टीपणा नव्हता. त्या तीन तासांत त्याला बाहेर नेणारे कुणी नव्हते, एवढेच. साधारण हिशेब असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्याहून एक अधिक इतके तास ते फार तर धरू शकते. लहान जातीचे त्याहूनही कमी. जागे असताना तर दर दोन तासांनी न्यावेच. दुपारची पाळी सासूबाईंनी आपणहून घेतली.

दुसरी गोष्ट वेळा. झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, खेळून झाल्यावर आणि रात्री निजण्याआधी. या वेळी न चुकता, त्याच दाराने, त्याच जागी, तोच शब्द उच्चारून न्यायचे. आमचा शब्द ‘चल बाळा’. खाणेही ठरल्या वेळीच द्यावे. दिवसभर वाटी भरून ठेवली, तर बाहेर जाण्याची वेळ ठरत नाही.

तिसरी गोष्ट शाबासकी. ती जागच्या जागी आणि लगेच. आत आल्यावर दिलेला खाऊ ‘आत आल्याबद्दल’ मिळाला, असे त्याला वाटते. मी पदराच्या गाठीत पोळीचे नखाएवढे तुकडे बांधून नेत असे. सासूबाई कौतुकाने बेदाणे द्यायला निघाल्या होत्या, पण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासमान असतात, तसेच चॉकलेटही. हे लक्षात ठेवा आणि मुलांनाही सांगा.

चौथी गोष्ट नजर. पिल्लाला सगळे घर मोकळे दिले, की ते कोपरे शोधणारच. मी काम करताना त्याची लांब दोरी कमरेला बांधून ठेवायची. मी ओट्याशी, तर तोही ओट्याशी. गोल गोल फिरून जमीन हुंगू लागला, की उचलून बाहेर. उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली द्यावा. या जातीची लांब पाठ नाजूक असते. सोफ्यावरून उड्याही मारू देऊ नयेत. रात्री त्याला अंग वळवता येईल एवढेच खोके दिले, कारण स्वतःच्या निजायच्या जागी कुत्रा सहसा घाण करीत नाही. खोके मोठे झाले, की एका कोपऱ्यात निजायचे आणि दुसऱ्या कोपऱ्यात कार्यभाग उरकायचा, हे त्याला बरोबर समजते!

पाचवी गोष्ट स्वच्छता. वास राहिला, की ती जागा त्याची झाली. अमोनिया असलेली औषधे वापरू नका. लघवीलाही तसाच वास असल्याने त्याला उलट आमंत्रण मिळते. फिनाईल त्याच्या तळव्यांना आणि जिभेला बरे नाही. आधी जुन्या कापडाने सगळे टिपून घ्यावे, मग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग करून पुसावे. वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून थोड्या वेळाने झाडून काढावा. मात्र शहाबादी, संगमरवरी किंवा मोझॅकच्या फरशीवर व्हिनेगर मुळीच नको. आंबटाने फरशी खाल्ली जाते. तिथे अशा डागांसाठी मिळणारे एन्झाइमचे द्रावण आणावे.

आणि शिकलेला कुत्रा एकाएकी घरात करू लागला, वारंवार बसू लागला किंवा लघवीत रक्त दिसले, तर रागावू नका, डॉक्टरांकडे न्या. ते दुखणे असू शकते.

सहावी गोष्ट सर्वांत अवघड, ती माझ्यासाठी होती. तळे दिसले तरी गप्प बसायचे. करतानाच सापडला तर नुसती टाळी वाजवून लक्ष वेधायचे आणि बाहेर न्यायचे. बाकी एक शब्द नाही. बंडूला माझ्यासमोर करायला धीर यायला तीन आठवडे लागले. पहिल्यांदा त्याने आडोशाखाली, गोणपाटावर, माझ्याकडे बघत बघत केले, तेव्हा मी इतकी आनंदले, की शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारले, “काय हो, निकाल लागला की काय मनूचा?”

गोणपाट रोज वीतभर पुढे सरकवत पाऊस संपता संपता आम्ही चिकूपर्यंत पोचलो. दिवाळीत फराळाला पाहुणे आले, तेव्हा घर कोरडे होते. पुढे एकदा-दोनदा चुकला; नाही असे नाही.

आणि शाळेत? दुसरीच्या वर्गापुढे उभी राहून मी सांगितले, “त्या दिवशी चूक तिची नव्हती, माझी होती.” चाळीस डोकी एकदम वर झाली. बाईंची चूक असते, हे त्यांना नवीन होते. मला म्हणायलाही नवीन होते. मग दाराजवळच्या खिळ्याला एक लाकडी पट्टी अडकवली. ज्याला जायचे त्याने पट्टी घ्यावी, जावे, परत आणून लावावी. विचारायचे नाही. शिक्षकांच्या खोलीत हसे झाले. “बाई, वर्ग ओस पडेल तुमचा.” पहिले दोन दिवस खरोखरच रांग लागली. तिसऱ्या दिवशी पट्टीतली गंमत संपली. आता दिवसातून चार-पाच मुले जातात, ज्यांना खरेच जायचे असते ती. पोरे वाया गेली नाहीत. पाढे अजूनही पाठ करतात.

ती मुलगी मात्र पट्टीला हात लावत नव्हती. मीही काही म्हटले नाही. घाई केली की काय होते, ते मी घरी शिकले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी नऊचा पाढा चालू असताना ती उठली, माझ्याकडे न बघता पट्टी घेतली आणि गेली. परत आल्यावर बाटली काढून घटाघटा पाणी प्यायली. मी फळ्याकडे तोंड केले आणि पाढा पुढे चालू ठेवला.

परवा रात्री दोन वाजता अवकाळी पाऊस आला. दारावर नखांची खरखर ऐकू आली. उठून पाहते तो बंडोपंत उंबऱ्याशी, पुढचा एक पाय हवेत धरून, पावसाकडे बघताहेत आणि माझ्याकडे बघताहेत. मी छत्री उघडली. आम्ही दोघे आडोशाखाली जाऊन उभे राहिलो. तो हुंगत राहिला, फिरत राहिला, त्याची जागा त्याला सापडेना. गार वारा सुटला होता, माझे डोळे मिटत होते आणि सकाळी साडेपाचला उठायचे होते.

‘लवकर आटप’ असे मी म्हटले नाही.